मुसइद जामीन राहिला

"ताशा कोण वाजवतंय?" रदमानने मान वर काढून विचारलं.

"डोकं खाली घे आधी, गाढवा!" मी सदऱ्याला धरून त्याला खाली ओढलं.

आम्ही बैत सलामा गावचे सगळे दगडी बांधाआड पालथे पडलो होतो. समोर विहीर, विहिरीपलीकडे दुसरा बांध, आणि त्याच्याआड बैत मुतह्हरचे वीस-बावीस जण, आमच्यासारखेच बंदुकीवर गाल टेकून. ऊन डोक्यावर आलं होतं. आदल्या दिवशी याच वेळी माझ्या या पोराने त्यांच्यातल्या कायिदच्या धाकट्या मुलाच्या, जुबरानच्या मांडीत गोळी घातली होती. आता कायिदला माझा पोरगा हवा होता. चार मुलींच्या पाठीवर झालेला एकुलता एक. आधी मला मारावं लागेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण माझ्या ठरवण्याने काय होणार? त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त बंदुका होत्या, हे मला पडल्या जागेवरून दिसत होतं.

भांडण तरी कशावरून? एका ढगावरून. हसू नका. डिझेल मिळायचं तेव्हा विहिरीवरचं इंजिन आठ प्रहर धडधडायचं आणि दोन्ही गावांना पाळ्या पुरून उरायच्या. लढाई आली, डिझेल गेलं, मग दोन्ही गावांनी मिळून सोलरच्या पाट्या बसवल्या. आता ऊन असेल तोवर पाणी. सकाळी पंप नुसता खोकतो, खरं पाणी दुपारचे दोन तास. त्या दिवशी नेमक्या आमच्या पाळीला ढग येऊन बसला. रदमान म्हणाला, ढगाने खाल्लेला वेळ भरून द्या. जुबरान म्हणाला, ढग काय आमच्या बापाचा आहे? तरणी पोरं, दोघांच्याही खांद्याला बंदुका. पुढचं सांगायला नको.

तर ताशा. वरच्या पायवाटेने मुसइद न्हावी उतरत होता. गळ्यात ताशा, हातात दोन काड्या, अंगात लग्नाकार्यात घालायचा तोच जुना कोट. पासष्टी उलटलेला माणूस, पण चालत होता वरातीपुढे चालावं तसा. थेट दोन्ही बांधांच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"मरायला आलास का रे इथे?" मी ओरडलो.

"मरायचंच असतं तर घरी सावलीत मेलो असतो, मुकबिल! एवढ्या उन्हात कशाला तंगडतोड केली असती?"

आमच्या यमनी मुलखात न्हाव्याजवळ बंदूक नसते. दाढी, सुंता, लग्नात ताशा, गावजेवणाच्या हंड्या, आणि कोणी गेलं की गावोगाव फिरून सांगणं, ही त्याची कामं. सुगीला त्याचं बलुतं घरपोच. आम्ही शेतकरी टोळीवाले ताशाला बोट लावत नाही. लावलं तर लोक म्हणतात, याच्या मुलीला आता स्थळ यायचं नाही. न्हाव्याला कोणी लढाईत धरत नाही, आणि त्याच्यावर गोळी झाडणाऱ्याला सात पिढ्या तोंड दाखवायला जागा राहत नाही. याला आम्ही त्याचं संरक्षण म्हणत आलो. तो याला काय म्हणत होता, ते आम्ही कधी विचारलं नाही.

मुसइदने काड्या थांबवल्या, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"ऐका रे शूरांनो! या दोन बांधांआड जेवढी तरणी पोरं पडलीत त्या सगळ्यांची सुंता या हातांनी केलीय. कोण गप बसला आणि कोण आईला हाका मारत खाटेखाली शिरला, एकेकाचं नाव मला आठवतंय. बंदुका खाली ठेवता, की घेऊ नावं?"

मग आमच्याच बाजूने कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "शायिफपासून सुरू कर!" शायिफ म्हणजे कायिदचा थोरला, सहा फुटी, मिशीला तेल लावणारा. पलीकडून शायिफ गरजला, "गप रे! तो मी नव्हतोच!" आणि मग जो काही हशा पिकला! त्यांच्या बांधावरची एक नळी खाली गेली, मग दुसरी. मीही हसत होतो, पण रदमानच्या सदऱ्यावरचा हात सोडला नव्हता.

"शेख हिझाम तालूकच्या झाडाखाली येऊन बसलेत," मुसइद म्हणाला. "पहाटे निघालो आणि त्यांना गाढवावर बसवून घेऊन आलो. उठा आता. उन्हात भाजून घ्यायची हौस असेल तर निवाड्यानंतर या."

मुसइद आणि मी एका वयाचे. इमामाची राजवट गेली, प्रजासत्ताक आलं, आणि दोन-तीन वर्षांनी आमच्या गावात याच तालूकच्या झाडाखाली शाळा भरायला लागली. मास्तर मिसरी, इजिप्तहून आलेले. त्यांनी मुसइदला माझ्या शेजारी बसवलं. घरी कळलं तसे माझे वडील काठी घेऊन आले. "माझा मुलगा न्हाव्याच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही." मास्तरांनी झाडाला टांगलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. क्रांतीची उद्दिष्टं होती त्यावर. माणसामाणसांतले उच्चनीच भेद मिटवायचे, असं काहीसं. वडिलांना वाचता येत नव्हतं. वर्गात तोवर वाचायला शिकला होता एकच जण. मुसइद उठला आणि त्याने खणखणीत आवाजात तो कागद माझ्या वडिलांना वाचून दाखवला. वडिलांनी मला कानाला धरून घरी नेलं ते वर्षभर परत पाठवलं नाही. म्हणून आजही मी वर्तमानपत्र अडखळत वाचतो आणि मुसइद बातम्या वाचणाऱ्यासारखा वाचायचा.

पुढे शहात्तर साली आम्ही रस्ता केला. खोऱ्यापासून गावापर्यंत, डोंगर फोडून. सरकारने नाही केला, आम्ही केला, घरटी एक माणूस देऊन. मुसइद कड्यावर बसून ताशा वाजवायचा आणि त्या ठेक्यावर साठ घण एकदम खाली यायचे. ताशाची पाळी संपली की तोही घण उचलायचा. अजून त्या रस्त्याने गाडी वर येते तेव्हा मी पाहुण्याला छाती पुढे काढून सांगतो, हा रस्ता आम्ही केलाय. त्या 'आम्ही'त मुसइद असायचा की नाही, ते माझ्या त्या दिवशीच्या लहरीवर.

मग तो सौदीत, जेद्दाला गेला. बारा वर्षं इमारतींवर मुकादम होता. तिथे तो न्हावी नव्हता, सगळ्यांसारखा एक यमनी होता. नव्वद साली तिकडून आमच्या लाखो माणसांना परत धाडलं, तेव्हा तोही एक पत्र्याची पेटी घेऊन ट्रकमधून उतरला. त्या पेटीत जंबिया होता, आम्ही टोळीवाले कमरेला बांधतो तो वाकडा सुरा. शिंगाच्या मुठीचा, रुंद पट्ट्याचा, बघत राहावं असा. मुलीच्या लग्नात त्याने तो बांधला. आमच्यासारखाच, पोटावर, मधोमध. मी पुरुषांच्या बैठकीत गालात कातचा झिंग आणणारा पाला भरून लोडाला टेकलो होतो. म्हणालो, "न्हाव्याच्या कमरेला वस्तरा शोभतो."

सगळी बैठक हसली. कायिदही हसला. मुसइद आत गेला आणि बाहेर आला तो रिकाम्या कमरेने. खुंटीवरचा ताशा काढून तो आपल्याच मुलीच्या लग्नात वाजवायला लागला.

पंचवीस वर्षं झाली होती त्याला. पुढेही दर गुरुवारी तो माझी दाढी करायला येत राहिला. वस्तरा माझ्या गळ्यावरून फिरायचा आणि मी निवांत डोळे मिटून बसायचो.

तालूकच्या झाडाखाली शेख हिझाम बसले होते. ऐंशीच्या पुढचे, एका डोळ्याने अधू, पण दहा गावांत त्यांच्या निवाड्याला मान. रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंनी आपापले जंबिये काढून त्यांच्यापुढे ठेवले. याचा अर्थ, तुम्ही सांगाल ते मान्य. निवाडा होईपर्यंत रिकाम्या पट्ट्याने फिरायचं. माझा ठेवला तेव्हा कमरेला वारा लागल्यासारखं झालं.

"साक्षी घ्यायला मला चाळीस दिवस लागतील," शेख म्हणाले. "तोवर एकही गोळी सुटता कामा नये. हे कोणाच्या तोंडावर?"

आमच्यात जामीन असाच राहतात. माणूस म्हणतो, हे माझ्या तोंडावर; याला तोंड देणं म्हणतात. तह मोडला तर मोडणाऱ्याआधी त्याचं तोंड काळं होतं.

माणसं सुचवायला लागली. एकाचं नाव निघालं तर कायिद म्हणाला, "त्याचा पुतण्या सनावाल्यांच्या फौजेत आहे, मला नको." दुसऱ्याचं निघालं तर आमचे लोक म्हणाले, "त्याचा मुलगा अदनवाल्यांकडे, आम्हाला नको." सरकारं दोन आहेत आमची, एक सनाचं, एक अदनचं. दोघांनाही या विहिरीचं नाव माहीत नसेल, पण प्रत्येक घरातला कोणी ना कोणी यांचा नाहीतर त्यांचा होऊन बसलाय. नावं संपली. सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली.

"जामीन नसेल तर मी उठतो," शेख म्हणाले. "मग तुम्ही आणि तुमच्या बंदुका."

रदमान माझ्या मागे बसला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"मुसइद," कायिद म्हणाला.

सगळ्यांना वाटलं पाणी मागतोय. मुसइदही सुरई घेऊन उठला.

"पाणी नको. जामीन म्हणून म्हणतोय," कायिद म्हणाला. "आज दोन्हीकडच्या नळ्यांपुढे उभा राहिलेला एकच माणूस मी पाहिला."

कोणीतरी फिसकन हसलं. शेख हसले नाहीत. "न्हाव्याने तोंड दिल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. देऊ नये असंही कधी ऐकलेलं नाही. मुकबिल, तुमचं काय?"

"मान्य! मान्य!" मी घाईघाईने म्हणालो. पोराच्या जिवासाठी मी गाढवालाही मान्य म्हणालो असतो.

"आणि मला कोणी विचारलं का?"

मुसइदने सुरई खाली ठेवली. आवाज चढला नव्हता त्याचा. "जन्मभर तुम्ही हाक मारली आणि मी आलो. दाढीला आलो, ताशाला आलो. या कामाला मी हाकेवर यायचा नाही. विचारा."

शेखांनी आपला अधू डोळा चोळला, सरळ बसले. "मुसइद बिन अली, तू जामीन राहशील?"

"राहीन. पण रिकाम्या कमरेचा जामीन कोण मानेल? तुम्ही सगळ्यांनी जंबिये ठेवलेत, माझाही त्यात पडेल. घरी पेटीत आहे तो. एकाच्या शब्दावर आत ठेवला, बाहेर काढीन तोही त्याच्याच शब्दावर."

मोठी माणसं इकडेतिकडे बघायला लागली. कोणी झाडाकडे, कोणी पायाच्या अंगठ्याकडे. सगळ्यांना आठवत होतं तर! मला वाटायचं, मी एकटाच विसरलो नाही.

"कोणाच्या शब्दावर, बाबा?" रदमानने विचारलं. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

"माझ्या," मी म्हणालो, आणि उठलो.

त्या लग्नानंतर मुसइदच्या दारात मी पहिल्यांदाच उभा होतो. त्याची बायको तकिय्या बाहेर आली. "तुम्ही?"

"मुसइदने जंबिया मागवलाय." मग जीभ रेटून म्हणालो, "नाही, मीच मागायला आलोय."

तिने माझ्याकडे बघितलं. आत गेली, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला जंबिया घेऊन आली, आणि दारातच बसून पुसायला लागली. म्यान चकाकत होतं. "दर शुक्रवारी पुसते मी," ती म्हणाली. "पण आज बाहेर निघायचाय त्याला, परत पुसते." मी उभा राहिलो. तिने चांगला वेळ घेतला आणि मी एका शब्दाने घाई केली नाही.

मग तो दोन्ही तळहातांवर घेऊन मी गावातून खाली निघालो. बायका गच्च्यांवर आल्या होत्या, त्यात माझीही. "कोणाचा हो?" एकीने विचारलं. "मुसइदचा," मी हळूच म्हणालो. पुढच्या घरी पुन्हा तेच. चौथ्या घरापाशी पोचेपर्यंत कोणी विचारायच्या आधीच मी ओरडायला लागलो होतो, "मुसइदचा! मुसइदचा आहे हा!" असं का झालं, मला सांगता येणार नाही. पण आवाज मोठा होत गेला तशी मान ताठ होत गेली, एवढं खरं.

झाडाखाली मी तो त्याच्यापुढे धरला. "मी त्या दिवशी बोललो ते वाईट बोललो, मुसइद. बांध."

त्याने बांधला. पोटावर, मधोमध. तसाच उभा राहिला थोडा वेळ, सगळ्यांना दिसेपर्यंत. मग पट्टा सोडून जंबिया आमच्या जंबियांवर ठेवला. "चाळीस दिवसांचा हा तह माझ्या तोंडावर."

नवव्या दिवशी इब्ब शहराहून बातमी आली की जुबरानचा पाय कापावा लागला. सरळ रस्ता लढाईमुळे बंद, वळसा घालून दवाखान्यात नेईपर्यंत फार वेळ गेला होता. बातमी सकाळी आली आणि न्याहारी संपायच्या आत शायिफ बंदूक घेऊन माझ्या अंगणात. आम्ही आत खात बसलो होतो. बायकोने दार लोटून घेतलं. फटीतून मी पाहिलं, तर मुसइद माझ्या उंबऱ्यावर बसलेला. बातमी कानावर पडताच दाढीची पेटीसुद्धा न ठेवता तो धावत आला होता; धाप लागली होती.

"हट, न्हाव्या," शायिफ म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते.

"न्हावी गुरुवारी येतो. आज जामीन आलाय."

"माझ्या भावाचा पाय गेला!"

"माहीत आहे. सुंतेनंतर त्याला पहिली आंघोळ मी घातलीय, शायिफ. मला रडू येत नाही असं समजू नकोस." मुसइद उठला नाही. "तुझ्या बापाने शंभर वेळा तोंड दिलं असेल. मुकबिलनेही दिलं असेल. मी उभ्या जन्मात एकदाच दिलंय. माझ्याकडे दुसरं नाही."

मी रदमानच्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. शायिफने मुसइदकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मग बंदूक काखेत मारली, उंबऱ्याजवळ मुसइदच्या शेजारी बसला, आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मुसइद त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. आत माझी बायको म्हणाली, "चहा ठेवू का?" मी म्हणालो, "ठेव. तिघांचा ठेव." आणि दार उघडून बाहेर गेलो.

चाळिसाव्या दिवशी निवाडा झाला. मी माफी म्हणून कायिदच्या दारी दोन बैल कापायचे, जुबरान कामाला लागेपर्यंत त्याची शेती रदमानने करायची, आणि ढगाने खाल्लेला वेळ कोणालाच परत नाही. मग शेखांनी जंबिये परत दिले. बसल्या बसल्या देत होते. मुसइदचा हातात आला तेव्हा नातवाचा आधार घेऊन उठले. "मुसइद बिन अली बिन सअद," म्हणाले, पूर्ण नाव. पुढच्या गुरुवारी मुसइद तो बांधून माझ्या दाढीला आला. वाकताना मूठ पोटात रुतत होती त्याच्या. मी म्हणालो, "काढून ठे..." आणि जीभ चावली. तो इतका हसला की वस्तरा बाजूला ठेवावा लागला.

त्या सुगीला मी त्याच्याकडे ज्वारीची दोन पोती पाठवली. रदमान एक परत घेऊन आला. "काका म्हणाले, दाढीचं एकच. दुसऱ्या कामाचं बलुतं नसतं."

गेल्या हिवाळ्यात मुसइद गेला. सकाळी चहा पिता पिता. त्याची मुलं दूर, एक मारिबला, एक समुद्रापलीकडे. आम्ही अंगणात जमलो आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. गावोगाव सांगायचं कोणी? सांगणाराच गेला होता. गावात दुसरा न्हावी नव्हता. कोणीतरी म्हणालं, फोन करू. बैत मुतह्हरला फोन? त्या माणसाचं मरण फोनवर सांगायचं?

भिंतीवर जंबिया होता आणि शेजारच्या खुंटीवर ताशा. मी ताशा काढला.

"नको, मुकबिल," तकिय्या म्हणाली. "तुमच्या गळ्यात शोभायचा नाही."

"द्या वहिनी," मी म्हणालो. "काड्या कुठे आहेत?"

तीच पायवाट, तेच ऊन. ठेका काही केल्या जमेना. आमच्या गच्च्यांवरून सगळे बघत होते. बघू देत म्हटलं. माझ्या मुली केव्हाच उजवून झाल्यात. विहिरीपाशी पोचलो तर पलीकडून कायिदचा आवाज आला, "कोण रे तो? ताशा वाजवतोय की डबा बडवतोय?"

"मी आहे! मुकबिल!"

पलीकडची माणसं बांधावर येऊन उभी राहिली.

"ऐका हो!" मी ओरडलो. आवाज फाटला, तरी ओरडलो. "मुसइद बिन अली बिन सअद गेला! दुपारच्या नमाजानंतर माती आहे! ज्या ज्या घरावर त्याच्या तोंडाचं ओझं आहे, त्या घराने यावं!"

कायिद काठी टेकत बांध उतरून आला. मागे शायिफ, आणि कुबडीवर जुबरान. कायिदने डोळे पुसले, माझ्या गळ्यातून ताशा काढला आणि आपल्या गळ्यात अडकवला.

"पुढच्या गावापर्यंत मी नेतो," तो म्हणाला. "तू मातीचं बघ."

आणि वाजवत वाजवत वर निघाला. त्याला तर माझ्याइतकंही येत नव्हतं.